सखारामभाऊंचं पार्किंग आणि चिंगीचं माहेर

सखारामभाऊंना एक सवय होती. आपल्याबद्दल कुणी वाईट बोललं की ते आधी त्याचं कौतुक करून घ्यायचे आणि मग ऐकायचे. मी एकदा भर रस्त्यात ओरडले, "भाऊ, तुमच्या शिट्टीनं अख्खं भाजे बंद पडलंय!" तर शेजारच्याला म्हणाले, "नर्सबाईबी म्हनत्यात, शिट्टी लांबवर ऐकू जाती."

मी यशोधरा. भाज्याच्या उपकेंद्रात नर्स. वडगावहून येते, मळवलीला उतरते आणि पुढे चालते. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी इथे चालणाराच आधी पोचतो. लेणी, धबधबा, वरती किल्ला, आणि खाली एकच रस्ता. त्या रस्त्यावर जगातल्या सगळ्या पांढऱ्या गाड्या उभ्या असतात, त्यातले बाप खिडकीतून हात बाहेर काढून "पुढे काय झालंय?" असं विचारत असतात. पुढे काही झालेलं नसतं. पुढे सखारामभाऊ असतात.

रस्त्याकडेच्या भातखाचरात भाऊंनी मुरूम टाकून घेतला होता आणि तिथे पार्किंग काढलं होतं. मागच्या खाचरात अजून इंद्रायणी भात लावायचे, पण लक्ष पुढच्या खाचरात. डोक्याला टोपी, गळ्यात शिट्टी. रस्त्याच्या मधोमध उभं राहायचं, गाडी अडवायची आणि हाताने आत वळवायची. ती वळेपर्यंत मागच्या चाळीस गाड्या थांबायच्या. "त्यान्ला थांबवल्याबिगर ह्यो आत कसा येनार?" असं भाऊंचं म्हणणं, आणि ते खोटं आहे असं मला कधी सिद्ध करता आलं नाही. शेजारी नथूचंही पार्किंग होतं. त्याच्याकडे शिट्टी नव्हती, तो नुसता ओरडायचा.

हे सगळं गमतीचं राहिलं असतं. पण एका पावसाळ्यात नथूची लेक भजीच्या टपरीसमोर जीपमध्येच बाळंत झाली. टपरीवाल्याने गरम पाणी दिलं, गाडीतल्या बायांनी ओढण्या धरल्या, बाळ-बाळंतीण सुखरूप. गावात आठवडाभर हसू. पुढच्या पावसाळ्यात नंदाबाईची उज्ज्वला त्याच रस्त्यात अडकली. तिचं बाळ माझ्या हातात गेलं. त्याबद्दल मी काही गमतीचं बोलणार नाही.

मग ठरलं की अँब्युलन्स कमी पडते. दुसरी आली. आधी एक अडकायची, आता दोन अडकायला लागल्या. दोन्ही ड्रायव्हरांची मैत्री झाली, एक डबा आणायचा, दुसरा लोणचं.

अशात पुण्याच्या एका संस्थेतून चैताली मॅडम आल्या. वयाने लहान, बोलायला सरळ, पायात गमबूट. त्यांचा विषय सिस्टिम सायन्स. आम्हाला नर्सिंगला तापावर गोळी शिकवली. ह्यांचं म्हणणं, ताप कशाने वाढतो, तापाने काय वाढतं, आणि ते वाढलेलं फिरून परत तापालाच कसं वाढवतं, हे सगळं एका चित्रात मांडा, आणि ते चित्र एकट्या डॉक्टरने नाही, गावाने बसून काढायचं. मी मनात म्हटलं, बरं आहे, निदान चहा तरी होईल.

मे महिन्यात देवळाच्या मंडपात गाव बसलं. मॅडमनी फरशीवर खडूने एक गोल काढला, आत लिहिलं, "वाटेत बाळंतपण". म्हणाल्या, "हे कशामुळे वाढतं ते सांगा. एक अट. बाण माणसाकडे काढायचा नाही, गोष्टीकडे काढायचा. इथे कुणाची चूक शोधायला आपण बसलेलो नाही."

चूक शोधायची नाही म्हटल्यावर अर्ध्या गावाचा उत्साह गेला. पण भाऊ उठले. त्यांनी मॅडमच्या हातातला खडूच घेतला.

"ह्ये बगा. पार्किंग हाय म्हनून गाड्या येत्यात. गाड्या आल्या की जाम. जाम झाला की मागचा म्हनतो, मरू दे, हितंच लावू आन् चालत जाऊ. की पार्किंग वाढलं! की आनखी गाड्या!" त्यांनी फिरून फिरून तोच गोल तीनदा गिरवला.

"अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या. "स्वतःच स्वतःला वाढवणारं चक्र."

"देवाची किरपा," भाऊ म्हणाले आणि खाली बसले.

"आणि तुमचं पार्किंग बंद केलं तर?"

"तर माजं मोटं हुईल," नथू मागून म्हणाला. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी तोही बाण काढला. मग पोलीस वाढले तर काय, रस्ता रुंद केला तर काय, तिसरी अँब्युलन्स आणली तर काय, असं एकेक होत गेलं आणि प्रत्येक बाण फिरून त्याच गाड्यांमध्ये येऊन पडायला लागला. फरशी भरली. मला मान्य करायला जड जातं, पण ते चित्र बघताना माझा चहा निवला. आम्ही दोन वर्षं जे जे उपाय केले होते ते सगळे तिथे होते, आणि सगळे गाडीला जागा करून देत होते.

मग मॅडम म्हणाल्या, "ह्या चित्रात एकच बाजू भरलीय. रस्ता अडला हे झालं. पण पावसाळ्यात गावात बाळंतपणंच इतकी कशाने होतात?"

"दिवाळीनं," मागून कुणीतरी म्हणालं. बायांनी पदर तोंडाला लावले. नऊ महिन्यांचा हिशोब चुकीचा नव्हता.

हसणं थांबल्यावर येसूबाई बोलल्या. येसूबाई म्हणजे सखारामभाऊंच्या मालकीण. चारचौघांत त्यांचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. म्हणाल्या, "लेकी येत्यात की."

"कुठून?"

"सासरवरनं. पयलं बाळातपन माहेरीच असतंय. नथूभावजींची लेक तळेगावची, उज्ज्वला लोनावळ्याची."

"लोणावळ्यात कुठे दिली होती?" मॅडमनी विचारलं.

"दवाखान्याच्या मागल्या गल्लीत."

दवाखान्याच्या मागच्या गल्लीतून उचलून आम्ही पोरीला ह्या रस्त्याच्या आतल्या टोकाला आणून ठेवलं होतं, तेही ऐन आखाडात, आणि मग अँब्युलन्स का पोचत नाही म्हणून दोन वर्षं भांडत होतो. आम्हा कुणाला हे सुचलं नव्हतं, कारण ते कारण आहे असंच कुणाला वाटलं नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. त्यात सांगायचं काय?

उज्ज्वलाची आई नंदाबाई पुढेच बसली होती. "मीच आनली तिला," ती म्हणाली. "सासू नको म्हनत व्हती. मी हट्टानं आनली."

"मावशी, चूक नाही कुणाची. मी म्हटलं ना, बाण माणसाकडे—"

"बान कुनीकडंबी काडा बाई," नंदाबाई म्हणाली, "पन काडा."

मॅडमनी काढला. आधी वरच्या कोपऱ्यात एक छोटा गोल करून त्यात "लेकी येत्यात" लिहिलं; तिथून निघालेला बाण वाकडा आला.

आता एवढं झाल्यावर शहाण्या माणसाने काय करावं? सखारामभाऊंनी त्या चित्राचा फोटो काढला आणि त्याचा फ्लेक्स छापून आणला. चित्रात भाऊंनी तीनदा गिरवलेला पार्किंगचा गोल सगळ्यात ठळक होता आणि सगळीकडून बाण त्याच्यातच येत होते. भाऊंना एवढंच दिसलं. फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात "सखाराम पार्किंग", चारी बाजूंनी लाल बाण, आणि खाली "शास्त्रीय पद्धतीने". रस्त्याकडेला दोन वाशांवर तो लावला. चैताली मॅडम पुढच्या खेपेला आल्या, फ्लेक्ससमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "प्रिंट चांगली आलीय."

"मग! पुन्याची हाय," भाऊ म्हणाले.

आणि त्याच आठवड्यात त्यांनी चिंगीला आणली.

चिंगी ही त्यांची एकुलती एक. सासर आंबीला, नवरा विकास तिथल्याच कंपनीत. घरापासून तळेगावचं हॉस्पिटल रिक्षाने जवळ. पहिलटकरीण, रक्त कमी, पायाला सूज, आणि तारीख आखाड संपता संपता, म्हणजे गर्दीच्या ऐन भरात. मी तिचं बीपी बघितलं आणि थेट भाऊंकडे गेले.

"भाऊ, हिला परत पाठवा."

"न्हाई."

"चित्र तुम्हीच काढलंत ना? त्यात काय होतं?"

"चित्र निराळं, लेक निराळी."

मी चिडले. तोंडाला येईल ते बोलले. नंदाबाईचं नावही घेतलं. भाऊंनी ऐकून घेतलं, ह्या खेपेला त्याचं कौतुक करून घेतलं नाही. मग आत भांडी घासणाऱ्या येसूबाईंकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"नर्सबाई, हिला माहेर न्हवतं. आय लहानपनी गेली, बाप दारूत. चिंगीच्या टायमाला हितंच, ह्याच पडवीत पडली. सगळ्या बायांच्या आया आलत्या त्यांच्या टायमाला, हिला पानी द्यायला माहेरचं एक मानूस न्हाई. तवापास्नं एकच बोलती, चिंगीला माहेर मिळालं पायजे. आता तुमी म्हनता सासरी पाठवा. मी कोनत्या तोंडानं सांगू तिला?"

खरं सांगायचं तर मला रडू आलं, पण ड्यूटीवर होते म्हणून मी बीपीचं मशीन उगाच परत पिशवीत भरलं.

"आन् रस्त्याचं म्हनाल," भाऊ परत मूळच्या आवाजात आले, "तर रस्ता माज्या हातात हाय. मी शिट्टी मारली की वाट मोकळी. दावतो तुमाला."

आणि दाखवायला त्यांनी रंगीत तालीम ठेवली. रविवारची दुपार. पेशंट कोण? भाऊ स्वतः. नथूचा पुतण्या जीप चालवणार, भाऊ मागच्या सीटवर आडवे होणार आणि जीप लोणावळ्याच्या दवाखान्यापर्यंत नेऊन दाखवायची. मला साक्षीला घेतलं. पार्किंग तेवढ्यापुरतं नथूकडे दिलं, शिट्टीसकट.

घरापासून निघालो. भाऊंनी पोटावर उशी बांधली होती. मी म्हटलं उशीची गरज नाही, तर म्हणाले, "करायचं तर नीट करायचं." देवळापर्यंत बरं गेलं. वळणावर थांबलो. जीपने हॉर्न दिला, पुढच्यानेही दिला, त्याच्या पुढच्यानेही, आणि थोड्या वेळाने सगळेच देत होते. भाऊ आडवे पडल्या पडल्या ओरडले, "पेशंट हाय, पेशंट!" बाजूच्या गाडीतल्या माणसाने काच खाली केली, उशीकडे बघितलं आणि काच वर घेतली.

मक्याची कणसं विकणारी बाई आली. भाऊंनी एक घेतलं. ते संपलं, गाडी तिथेच. दुसरं घेतलं. मग चहावाला आला. दोन कणसं आणि एक चहा झाल्यावर जीप जेमतेम पार्किंगसमोर आली आणि तिथे कायमची थांबली, कारण रस्त्याच्या मधोमध नथू उभा होता. त्याच्या गळ्यात भाऊंची शिट्टी होती आणि तो एक पांढरी गाडी आत वळवत होता. मन लावून काम करत होता. आयुष्यात पहिल्यांदा शिट्टी मिळाली होती त्याला.

"नथ्या! सोड की रं!" भाऊ ओरडले.

नथूला ऐकू आलं नाही. शिट्टीपुढे कुणालाच काही ऐकू येत नाही, हे आम्ही भाऊंना वर्षानुवर्षं सांगत होतो.

जीपच्या खिडकीसमोर नेमका फ्लेक्स होता. भाऊ आडवे पडून तो बघत राहिले. मीही बघत होते, दुसरं करायला काही नव्हतं. चारी बाजूंनी लाल बाण. वरती उजवीकडच्या कोपऱ्यात, कुणी बघणार नाही अशा जागी, "लेकी येत्यात" लिहिलेला तो छोटा गोल आणि मॅडमचा वाकडा बाण.

"नर्सबाई," भाऊ म्हणाले, "उज्ज्वला हितंच व्हती ना?"

"हो," मी म्हटलं. "जरा मागे. त्या आंब्यापाशी."

"तवा मी शिट्टी मारत हुतो."

त्यांनी पोटावरची उशी सोडली आणि मांडीवर घेऊन बसले. दवाखान्यापर्यंत आम्ही गेलोच नाही.

मला वाटलं आता चिंगी आंबीला परत जाईल. पण सखारामभाऊ म्हणजे सरळ रस्त्याने जाणारं काम नव्हे. दुसऱ्या दिवशी ते एकटेच कुठेतरी गेले, संध्याकाळी आले आणि येसूबाईंना म्हणाले, "सामान बांध. माहेर हलवायचंय."

आंबीत कामगारांच्या खोल्यांची एक चाळ आहे. तिथे त्यांनी एक खोली भाड्याने घेतली होती, चिंगीच्या सासरपासून चार गल्ल्या सोडून. गुरुवारी, रस्ता रिकामा असताना, दारात टेम्पो लागला. त्यात बाज गेली, गोधड्या गेल्या, पाटा-वरवंटा, शेगडी, पाळणा, देव्हाऱ्यातला टाक, चार कोंबड्या आणि तुळस. सगळ्यात शेवटी चिंगी आणि येसूबाई पुढे ड्रायव्हरशेजारी. पाऊस होता, सामान भिजू नये म्हणून वरून काय टाकावं? भाऊंनी वाशांवरचा फ्लेक्स सोडला आणि तोच टाकला.

वाटेत लोक विचारत होते, "कुटं निघाला भाऊ?"

"माहेरी."

"कुनाच्या?"

"चिंगीच्या."

"आन् मागं ऱ्हायलं ते काय मग?"

"त्ये घर हाय. माहेर म्होरं चाललंय."

चैताली मॅडमना मी फोनवर सांगितलं. त्यांनी "तुळससुद्धा?" असं दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "ताई, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हतं. आम्ही ती प्रथा थांबवायची कशी याचाच विचार करत होतो."

माहेर म्हटलं की माहेराचे नियम आले, आणि भाऊ नियमाला पक्के. आंबीतल्या त्या एका खोलीत त्यांनी ते सगळे लागू केले. विकास रोज कंपनीतून येताना त्याच चाळीखालून जायचा, बायको खिडकीत दिसायची. पण सासरवाडीत असं उठसूट येणं बरं दिसत नाही, असं भाऊंनी ठरवलं. जावयाने रविवारी यायचं, फळं घेऊन, दाराशी थांबून विचारायचं, मग आत. बिचारा विकास चार गल्ल्या चालून, केळी घेऊन, उंबऱ्याबाहेर चपला काढून विचारायचा, "येऊ का?" आणि मग येसूबाई आतून पाणी आणायच्या.

तारखेच्या आधीच्या शनिवारी दुपारी चिंगीला कळा सुरू झाल्या. येसूबाईंनी खाली रिक्षा बोलावली. कळा वाढायच्या आत ती हॉस्पिटलच्या टेबलावर होती. मूल नीट झालं. वार मात्र आतच अडकली आणि रक्त जायला लागलं. डॉक्टर होते, रक्ताची पिशवी होती, हात होते. थांबलं.

त्या वेळी मी भाज्यातच होते, फोन कानाला लावून रस्त्याच्या कडेला उभी. समोर गाड्यांची रांग, नथूची शिट्टी, कणसं भाजल्याचा वास. वार अडकणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. दोन कणसं आणि एक चहा एवढा वेळ चिंगीकडे नव्हता. मी तिथेच दगडावर बसले आणि रडले, ह्या खेपेला ड्यूटी असूनही.

भाऊंचा फोन नंतर आला. "नर्सबाई, पोरगी झाली. दोगी बऱ्या हायत." मग म्हणाले, "नथ्याला सांगा, शिट्टी तुलाच ठेव म्हनावं."

सव्वा महिना झाल्यावर चिंगी बाळंतविड्यासकट वाजतगाजत सासरी गेली. चार गल्ल्या. त्यासाठीही भाऊंनी गाडी केली, चालत पाठवलं तर माहेराची शोभा काय राहिली? आता माहेर परत आणायला ते टेम्पो घेऊन गेले. मी बाळाला बघायला म्हणून सोबत होते.

येसूबाई खोलीच्या दारात निवांत बसल्या होत्या. केस विंचरलेले, हातात चहा. इतक्या वर्षांत मी त्यांना बसून चहा पिताना बघितलं नव्हतं.

"चल, बाज उचलतो," भाऊ म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या."

"म्हंजी?"

"नंदाबाईची धाकटी कार्तिकात मोकळी व्हायचीय. ती बाळातपनाला ही खोली मागती, ती येस्तवर मी हितंच ऱ्हाते. म्हैना, दोन म्हैने. बघू."

"आन् घर?"

"घर कुटं पळून चाललंय? मी माहेरी आलेय."

"कुनाच्या माहेरी?" भाऊंनी विचारलं.

"माज्या," येसूबाई म्हणाल्या आणि चहाचा घोट घेतला.

भाऊ तिथे उभे राहिले. मग टेम्पोवाल्याला म्हणाले, "चल, रिकामाच." परतीच्या वाटेवर वडगावला मला उतरवताना त्यांनी एवढंच विचारलं, "नर्सबाई, ह्या दिसांत सीताफळं निघाली असतील का?"

पुढचा रविवार म्हणजे धंद्याचा दिवस. सखारामभाऊंनी पार्किंगला दोरी बांधली, टोपी घरी ठेवली आणि आंबीला गेले. विकासने मला नंतर सांगितलं. हातात सीताफळांची पिशवी होती. चाळीचे जिने चढून गेले, उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, आणि तिथेच उभं राहून विचारलं, "येऊ का?"

मग येसूबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या, तो त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "या. आता आलाच हाय तर जेवूनच जावा."